काचेच्या सुताचा माग

सूर्य क्षितिजावरून हातभर वर आला की युक्रेनमधल्या दोनबासच्या शेतांत रेघा उमटतात. केसासारख्या बारीक, चंदेरी, शेकडो. कापणीविना उभ्या वाळलेल्या सूर्यफुलांवरून, जळक्या चिलखती गाडीच्या टपावरून, बांधावरच्या झाडांच्या शेंड्यांवरून त्या पुढे पुढे जात राहतात. ऊन चढले की दिसेनाशा होतात आणि शेत पुन्हा रिकामे वाटू लागते. २०२५ च्या वसंतापासून आघाडीवरच्या सैनिकांनी टिपलेल्या अशा चित्रफिती जगभर पाहिल्या गेल्या. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला दिवाळीच्या सुमारास दवाने भिजलेल्या गवतावर दिसणारी कोळ्याची जाळी आठवली. यातली एकेक रेघ म्हणजे काचेचा तंतू आहे आणि त्याच्या टोकाला बांधलेला स्फोटकांचा ड्रोन कुणाच्या तरी अंगावर गेलेला आहे, हे कळल्यावर मात्र ती आठवण मनात टिकेना.

तंतूला दोन टोके असतात. एक टोक स्फोट झाला तिथे संपते. दुसरे टोक कित्येक किलोमीटर मागे, एखाद्या पडक्या घराच्या तळघरात किंवा झाडीतल्या खड्ड्यात, डोळ्यांवर गॉगल चढवून बसलेल्या माणसापाशी जाते. सुतावरून स्वर्ग गाठणे हा आपल्याकडे बोलण्यातला प्रकार. या युद्धात सुतावरून माणूस गाठायला सुरुवात झाली, आणि ती कशी झाली हे समजून घ्यायचे तर ऐंशी वर्षे मागे जावे लागते. शस्त्राला दोरी बांधण्याची गरज पहिल्यांदा तेव्हा पडली होती.

९ सप्टेंबर १९४३. इटलीने शरणागती जाहीर केल्याच्या दुसऱ्याच दिवशी ‘रोमा’ ही इटालियन युद्धनौका सार्डिनियाजवळून चालली होती. उंचावरून आलेल्या जर्मन विमानांनी तिच्यावर ‘फ्रिट्झ-एक्स’ नावाचे बॉम्ब सोडले. हे बॉम्ब नुसते पडत नव्हते. विमानात बसलेला माणूस हातातल्या दांडीने रेडिओवरून त्यांना वळवत होता. ‘रोमा’चे दोन तुकडे झाले आणि बाराशेहून अधिक माणसे गेली. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला अल्जीरियाच्या किनाऱ्याजवळ ‘रोहना’ हे जहाज ‘हेन्शेल २९३’ या रेडिओने हाकलेल्या पंखवाल्या बॉम्बने बुडाले. त्यावर हजाराहून अधिक अमेरिकी सैनिक मेले, आणि त्यांच्याबरोबर शंभरावर खलाशी. जहाज ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे होते, त्यामुळे खलाशी बहुतेक हिंदुस्थानी. अमेरिकेत या बुडालेल्या जहाजाची आठवण फार उशिरा का होईना निघू लागली. आपल्याकडे त्या खलाशांचे नाव कुणी घेत नाही. दूरवरून चालवलेल्या बॉम्बने मेलेल्या पहिल्यावहिल्या माणसांत आपलीही माणसे होती, एवढे इथे नोंदवून ठेवतो.

दोस्त राष्ट्रांच्या तंत्रज्ञांनी त्या बॉम्बचा रेडिओ ऐकला, त्याच्या लहरी ओळखल्या आणि त्याच लहरींवर कलकलाट सुरू केला. १९४४ च्या जानेवारीत आन्झिओच्या किनाऱ्यावर ‘फ्रेडरिक सी. डेव्हिस’ आणि ‘हर्बर्ट सी. जोन्स’ या अमेरिकी नौका हेच काम करत उभ्या होत्या. त्यांचे यंत्र चालू झाले की बॉम्ब बहिरा होई. यावर जर्मनांनी काढलेला तोडगा म्हणजे तार. हेन्शेल २९३ चा एक प्रकार असा तयार झाला की त्याच्या पोटातून तार सुटत जाई आणि आज्ञा हवेतून न जाता तांब्यापोलादातून जात. माक्स क्रामर या अभियंत्याने ‘एक्स-४’ हे विमानविरोधी क्षेपणास्त्रही तारेवरच चालवले. त्याच्या पंखांच्या टोकांना रिळे होती आणि ऑगस्ट १९४४ मध्ये त्याची चाचणी झाली. यांपैकी काहीच मोठ्या संख्येने लढाईत उतरले नाही. एक्स-४ चे इंजिन बनवणारा श्टारगार्डचा कारखाना दोस्तांच्या बॉम्बफेकीत गेला आणि त्याबरोबर ते अस्त्रही गेले. हा श्टारगार्ड लक्षात ठेवावा, पुढे लागेल.

क्रामरच्या रचनेतली एक गोष्ट आजपर्यंत बदललेली नाही. पतंग उडवताना आसारी उडवणाऱ्याच्या हातात असते. पतंग ओढेल तसा मांजा सुटतो, सगळा मांजा हवेतून सरकत जातो, कुठे तारेत किंवा फांदीत अडकला की तुटतो. या शस्त्रांत आसारी पतंगाच्या अंगावरच बांधलेली असते. शस्त्र पुढे जाते आणि मागे तार नुसती खाली पडत राहते. पडलेली तार ओढली जात नाही, सरकत नाही, म्हणून झाडाझुडपांवरूनही ती न तुटता कित्येक किलोमीटर अंथरता येते. पण याच कारणाने ती जिथे पडली तिथेच राहते, आणि शस्त्र ज्या वाटेने गेले ती वाट जमिनीवर लिहिलेली राहते.

हे लिखाण पहिल्यांदा नीट वाचले गेले ते सिनाईच्या वाळवंटात. ६ ऑक्टोबर १९७३ रोजी इजिप्तचे सैन्य सुएझ कालवा ओलांडून आले. त्यांच्या पायदळाच्या पाठीवर छोट्या सुटकेसांसारख्या पेट्या होत्या. पेटीत सोव्हिएत ‘माल्युत्का’ क्षेपणास्त्र, ज्याला पाश्चात्त्य देश ‘सॅगर’ म्हणत. वजन अकरा किलोच्या आतबाहेर, पल्ला तीन किलोमीटर. पेटीचे झाकण म्हणजेच त्याचे ठाण. सैनिक वाळूत पालथा पडून दुर्बिणीतून पाही, हातातली दांडी हलवी, आणि बारीक तारेवरून क्षेपणास्त्र वळे. ८ ऑक्टोबरला इस्रायलच्या रणगाड्यांनी प्रतिहल्ला केला आणि तो मोडून पडला. इजिप्तच्या मोहम्मद अब्दुल आती या एकट्या माल्युत्काधाऱ्याच्या नावावर त्या युद्धात तेवीस रणगाड्यांचे श्रेय सांगितले जाते.

त्या लढाईतून परतलेल्या रणगाड्यांवर तारांची वेटोळी लोंबत होती. कुणाच्या तोफेला गुंडाळलेल्या, कुणाच्या साखळीत अडकलेल्या. हुकलेल्या क्षेपणास्त्रांनी मागे टाकलेल्या तारा. पहिल्या दिवशी या तारा कसल्या, हेच अनेकांना उमगले नाही. उमगले तेव्हा मात्र त्यातून झटपट एक कवायत तयार झाली. माल्युत्काला पूर्ण पल्ला कापायला पंचवीसेक सेकंद लागत. तेवढा वेळ ती चालवणाऱ्याला जागेवरून हलता येत नाही आणि लक्ष्यावरून नजर काढता येत नाही. म्हणून धुराचा लोळ दिसताच रणगाड्यांनी वेडेवाकडे पळायचे आणि सगळ्यांनी मिळून तो जिथून आला तिकडे मशीनगनचा मारा करायचा. गोळी लागलीच पाहिजे असे नाही. त्याने मान खाली घातली तरी क्षेपणास्त्र भरकटते. सोव्हिएत रचनाकारांना याची कल्पना असावी. चालवणारा आपल्या ठाणापासून पंधरा मीटरपर्यंत बाजूला बसू शकेल एवढी जोडतार त्यांनी दिली होती. धूर एकीकडे, माणूस दुसरीकडे. माग लावणारा आणि माग चुकवणारा यांच्यातला डाव इथेच मांडला गेला होता.

तारेवरची क्षेपणास्त्रे आपल्याही लष्कराने अनेक दशके वापरली. हैदराबादच्या भारत डायनॅमिक्सचे पहिले उत्पादन फ्रेंच परवान्यावरचे तारेचे ‘एसएस-११’ होते; मग ‘मिलान’ आणि ‘कोंकुर्स’ आली. यांत्रिकी पायदळाचे प्रशिक्षण केंद्र आपल्या अहिल्यानगरला आहे, म्हणजे दुर्बिणीत डोळा रोवून तार तुटू न देता क्षेपणास्त्र नेण्याचे कसब महाराष्ट्राच्या भूमीवरच पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले.

तारेची जागा काचेने घेतली ती दूरसंचारामुळे. चार्ल्स काव यांनी १९६६ मध्ये सांगितले की काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून प्रकाशाचा संदेश फार दूर नेता येईल, आणि १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने तसा तंतू ओढून दाखवला. तांब्याच्या तारेवरून थोड्याशा आज्ञा जात. काचेच्या तंतूतून अख्खे चलचित्र दोन्ही दिशांनी जाते. क्षेपणास्त्रवाल्यांनी हे लगेच हेरले. इस्रायलचे ‘स्पाइक’ काचेच्या तंतूवर चालते आणि जपाननेही असे अस्त्र उभारले. पण ही महाग यंत्रे होती, मोजून सोडायची. दरम्यान तोच तंतू घराघरांत ब्रॉडबँड घेऊन शिरला आणि स्वस्त झाला. आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यातही तो ओढला जातो. बोटांत धरला तर जाणवतोही न जाणवतोसा: कवचासकट पाव मिलिमीटर जाड, त्यातली काच त्याच्याही निम्मी. असा दहा किलोमीटर तंतू गुंडाळलेले रीळ दीड किलोच्या आत बसते. स्वस्तातल्या छोट्या ड्रोनला ते उचलणे जड जाते, पण जमते.

ही गरज कशी निर्माण झाली, त्याची गोष्ट आन्झिओच्या गोष्टीचीच पुनरावृत्ती आहे. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर चढाई केली. पुढच्या दीड वर्षात शर्यतीसाठी बनवलेले छोटे ड्रोन दोन्ही बाजूंचे मुख्य शस्त्र होऊन बसले. यांना एफपीव्ही म्हणतात: चालकाच्या गॉगलमध्ये ड्रोनच्या डोळ्यातून दिसते आणि तो रेडिओवरून त्याला खंदकाच्या तोंडातून आत नेऊ शकतो. म्हणून दोन्ही बाजूंनी रेडिओवर कलकलाट करणारे जॅमर लावले. गाडीच्या टपावर जॅमर, खंदकात जॅमर, पाठीवरच्या पिशवीत जॅमर. युक्रेनच्या सैनिकांच्या खिशात ‘त्सुकोरोक’, म्हणजे ‘साखरेचा खडा’, अशा गोड नावाचे छोटे यंत्र आले. ड्रोनचा रेडिओ जवळ आला की ते थरथरते. आणखी एक गोष्ट घडली. चालकाचा अँटेना बोलतो म्हणून त्याचा ठावठिकाणा कळू लागला. रेडिओच्या लहरी कुठून येतात ते दोनतीन ठिकाणांहून मोजायचे, रेघा जिथे मिळतात तिथे तोफ डागायची. २०२३ पासून ड्रोनचालक हेच ड्रोनचालकांचे पहिले लक्ष्य झाले. एक चांगला चालक मारणे म्हणजे त्याचे पुढचे शेकडो ड्रोन मारणे, हा हिशेब दोन्हीकडे पक्का झाला.

मार्च २०२४ मध्ये सेर्ही बेस्क्रेस्त्नोव, ज्यांना युक्रेनमध्ये ‘फ्लॅश’ या टोपणनावाने सगळे ओळखतात, या रेडिओतज्ज्ञाने हाती लागलेल्या एका रशियन ड्रोनबद्दल सांगितले. त्याला अँटेना नव्हता. खाली एक लांबट डबा होता आणि डब्यात सुमारे दहा किलोमीटर काचतंतूचे रीळ. ऑगस्टमध्ये युक्रेनचे सैन्य सीमा ओलांडून रशियाच्या कुर्स्क प्रांतात घुसले, आणि तिथे वेलिकी नोव्हगोरोदच्या एका गटाने बनवलेला ‘क्न्याझ वांदाल’ हा तंतूवाला ड्रोन मोठ्या संख्येने दिसू लागला. जॅमर त्याला ऐकू जात नव्हते. खिशातला साखरेचा खडा थरथरत नव्हता.

कुर्स्कमधल्या युक्रेनी सैन्याची बहुतेक सगळी रसद एका रस्त्यावरून जात होती: सुमीहून युनाकिव्कामार्गे सुद्झाला. २०२५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये रशियाच्या ‘रुबिकॉन’ या खास ड्रोन पथकाने हाच रस्ता धरला. तंतूवाले ड्रोन रस्त्याच्या कडेला गवतात येऊन बसत. पंखे बंद, कॅमेरा चालू. बॅटरी वाचते, तंतू तर काही खात नाही. ट्रक दिसला की उठायचे. सैनिकांनी अशा बसून राहणाऱ्या ड्रोनला ‘झ्दुन’ म्हणजे ‘वाट पाहणारा’ असे नाव दिले. त्या रस्त्यावर जळक्या गाड्यांची रांग लागली, दारूगोळा पायी नेण्याची वेळ आली, आणि मार्चच्या मध्यापर्यंत सुद्झा हातचे गेले. त्यामागे इतरही कारणे होती: रशियाची वाढलेली कुमक, गॅसच्या जुन्या नळातून मागच्या बाजूला उतरवलेले सैनिक. पण तिथून परतलेल्यांना विचारले की आधी रस्त्याचीच आठवण निघते.

रस्त्यांवर जाळ्या आल्या त्या यानंतर. कोस्त्यान्तिनिव्काकडे जाणारे रस्ते मैलोगणती मासेमारीच्या जाळ्यांनी झाकले गेले. फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या आणि उत्तर युरोपातल्या कोळ्यांनी आपल्या जुन्या जाळ्या पाठवल्या. सैनिकांच्या पट्ट्याला कात्री लटकू लागली. समोर तंतू दिसला तर कापायचा. तो जिवंत असेल तर कुठेतरी एक ड्रोन आंधळा होईल. आणि कात्री वापरता वापरता कुणालातरी हे सुचणे अटळ होते: कापण्याऐवजी याच्या मागे मागे गेलो तर?

मागे जाणे म्हणजे चालत जाणे नव्हे. दोन खंदकांमधल्या त्या पट्ट्यात उघड्यावर चालणारा माणूस फार वेळ चालत नाही. माग काढतो तोही ड्रोनच, कॅमेऱ्याचा टेहळणी ड्रोन. आणि इथे प्रकाशाचा एक नियम उपयोगी पडतो. काचेचा गोल तंतू सूर्यकिरण सगळीकडे सारखे उडवत नाही. ठराविक कोनातूनच ती चकाकी डोळ्यापर्यंत येते. सूर्य, तंतू आणि कॅमेरा यांचा मेळ बसला तर किलोमीटरभर रेघ एकदम पेटते. दहा पावले बाजूला सरकले की विझते. म्हणून तंतू शोधायची वेळ सकाळची आणि संध्याकाळची, सूर्य खाली असताना, त्याच्याकडे तोंड करून. दव पडलेले असेल तर आणखी बरे. थेंबांनी तंतू जाड होतो.

अशी रेघ सापडली की टेहळणी करणारा तिच्यावरून उलट दिशेने उडत जातो. हे ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात रेघ सरळ नसते. ड्रोन झाडांना वळसा घालून गेलेला असतो, विजेच्या तारांवरून गेलेला असतो, लक्ष्य शोधत दोनदा घिरट्या घातलेल्या असतात. दोनबासच्या शेतांमध्ये वारा अडवायला लावलेल्या झाडांच्या लांब रांगा आहेत. तंतू त्यांच्यात शिरला की हरवतो आणि पलीकडे पुन्हा शोधावा लागतो. शिवाय एक जुना तंतू नव्यावर पडलेला, नव्यावर त्याहून नवा. त्यातला आजचा कोणता आणि तीन महिन्यांपूर्वीचा कोणता हे काचेकडे पाहून कळत नाही. आत प्रकाश खेळत असला तरी बाहेर सांडत नाही.

पण तंतू पुष्कळ झाले की त्यांच्यातच एक खूण तयार होते. एकाच तळघरातून आठवडाभर रोज दहा ड्रोन उडाले तर सत्तर तंतू वेगवेगळ्या दिशांना जातात, आणि मागच्या बाजूला ते सगळे एकत्र येतात. वरून पाहिले तर उघडलेल्या पंख्याच्या काड्या दिसाव्यात तसे. एक तंतू फसवू शकतो. सत्तर तंतूंची मूठ जिथे मिळते तिथे कुणीतरी राहते. मग त्या झाडीवर किंवा त्या पडक्या घरावर नजर ठेवायची. पाण्याचा कॅन घेऊन कुणी बाहेर येते का, रात्री धूर निघतो का, बॅटऱ्या पोचवणारी मोटारसायकल थांबते का. खात्री पटली की तोफ, किंवा रात्रीचा मोठा सहा पंखांचा बॉम्बफेकी ड्रोन, किंवा पुष्कळदा तंतूवरचाच दुसरा ड्रोन.

आपल्याकडे गावगाड्यात माग काढण्याचे एक शास्त्र होते. गावात चोरी झाली की जागल्या किंवा रामोशी चोराची पावले ओळखत शिवेपर्यंत जाई आणि पुढच्या गावाला माग दाखवून देई. तिथून माग पुढे काढायचा नाहीतर भरपाई द्यायची, ही त्या गावाची जबाबदारी. मला त्या जुन्या रिवाजाची आठवण होते ती एका फरकामुळे. रामोशी चोरीच्या मालापर्यंत पोचायला निघे. इथे माग काढणाऱ्याला झालेला हल्ला थांबवायचा नसतो. तो होऊन गेलेला असतो. माल्युत्काच्या वेळी धुराकडे गोळ्या झाडल्या तर अंगावर येणारे क्षेपणास्त्र चुकवता येई. पंचवीस सेकंदांत काय ते व्हायचे. इथे ज्याच्यामुळे माग सुरू झाला तो माणूस बहुधा मेलेला आहे. माग निघतो तो उद्याच्या ड्रोनसाठी, अजून न उडालेल्या.

दुसऱ्या टोकाचा माणूसही हे जाणतो. रेडिओच्या काळात तो अँटेना लांब ठेवायला शिकला होता. आता तंतूचे टोक लांब ठेवायला शिकला. जिथून ड्रोन उडतो तिथे कुणी नसते. तंतूची जोडणी जमिनीखालून किंवा पाचोळ्याखालून दूर नेलेली असते, तो तळघरात भलतीकडेच असतो. अब्दुल आतीच्या त्या पंधरा मीटरांचाच हा वाढलेला हिशेब. काही पथके ड्रोन आधी चुकीच्या दिशेला उडवतात आणि आडोशापलीकडे गेल्यावर वळवतात. उड्डाण संपले की जवळचा शंभर-दोनशे मीटर तंतू कापून गोळा करायचा, म्हणजे माग शेताच्या मध्यातच संपतो. आणि सर्वांत जुना उपाय: एका जागी फार दिवस राहायचे नाही. पण नवी जागा म्हणजे नवा खड्डा, पुन्हा रात्रीचे खोदणे, पुन्हा बॅटऱ्या आणि जनरेटर पाठीवरून वाहणे. थकलेले पथक दोन दिवस जास्त राहते. काचेच्या रेघांची मूठ त्या दोन दिवसांत घट्ट होते.

आमच्या सोसायटीत ब्रॉडबँड बंद पडले की एक तरुण येतो आणि तंतूच्या टोकाला हातात मावेल असे यंत्र जोडतो. यंत्र तंतूत प्रकाशाचा ठोका सोडते, तो तुटलेल्या जागेवरून परत यायला किती वेळ लागला ते मोजते आणि पडद्यावर आकडा येतो: एक हजार चारशे मीटर. तो स्कूटरवर बसतो आणि थेट त्या खोदलेल्या चौकात जातो. रणांगणावर सापडलेल्या तंतूलाही हे लागू पडते. एका टोकाला यंत्र लावले तर तंतू अजून किती लांब पसरला आहे हे कळू शकते. दिशा मात्र कळत नाही. तरुणाला रस्ता माहीत असतो, म्हणून त्याला एवढे पुरते. शेतात नुसता आकडा हाती येतो. तरीही एका झाडीपासून पुढे चारशे मीटर की सहा किलोमीटर, हे कळणे म्हणजे निम्मे शेत शोधण्यातून वगळणे. हे यंत्र पाहताना मला नेहमी वाटते की शस्त्र आणि दुरुस्तीची अवजारे इतकी जवळ यायला नको होती.

२०२५ च्या जूनमध्ये युक्रेनच्या अझोव्ह ब्रिगेडने एक छायाचित्र प्रसिद्ध केले. एका पक्ष्याचे घरटे, जवळपास सगळे काचतंतूंनी विणलेले. गवताच्या काड्यांपेक्षा तेच भरपूर मिळत असावेत. ते गोल, नेटके, आतून मऊ दिसणारे घरटे पाहून फार वेळ दुसरे काही सुचले नाही. तंतूवरचे प्लॅस्टिकचे कवच मातीत लवकर विरत नाही. युद्ध थांबल्यावर त्या शेतांत नांगर घालणाऱ्याच्या फाळाला आधी सुरुंग आणि मग हे गुंते लागणार आहेत.

पण माग चालकापाशी थांबला नाही. चालकाच्या मागे रीळ असते, रिळाच्या मागे कारखाना. रशियात काचतंतू ओढणारा मोठा कारखाना एकच होता, मोर्दोव्हिया प्रांतातल्या सारान्स्क शहरात, आघाडीपासून शेकडो किलोमीटर आत. ५ एप्रिल २०२५ रोजी युक्रेनचे लांब पल्ल्याचे ड्रोन त्यावर आदळले. सुद्झाच्या रस्त्यावर गाड्या जळून महिनाही उलटला नव्हता. एक्स-४ च्या इंजिनांसाठी दोस्तांनी श्टारगार्डला जे केले तेच इथे झाले, आणि नंतरही त्या कारखान्यावर पुन्हा हल्ले झाले. श्टारगार्डनंतर एक्स-४ संपले होते. सारान्स्कनंतर तंतूवाले ड्रोन कमी झाले नाहीत. त्यांचा पल्ला उलट वाढला. वीस किलोमीटर, तीस, पुढे चाळीसपर्यंतची रिळे आली. कारण सूत आता बाहेरून येत होते.

ते येते मुख्यतः चीनमधून. रशियाला येते आणि युक्रेनलाही येते. युक्रेनच्या कार्यशाळांनी २०२४ च्या अखेरीपासून आपले तंतूवाले ड्रोन बनवायला घेतले तेव्हा रिळे तिकडूनच मागवली. त्यामुळे सकाळच्या तिरप्या उन्हात टेहळणी करणाऱ्याला एखादी नवी रेघ पेटलेली दिसते, तेव्हा तिच्यावरून मागे उडण्याआधी तो आपल्या शेजारच्या पथकांना रेडिओवर विचारून घेतो की काल रात्री या बाजूला तुमच्यापैकी कुणी उडवला होता का. दोन्हीकडचा तंतू सारखाच जाड, सारखाच पारदर्शक असतो, आणि उन्हात सारखाच चमकतो.